रक्तातले डिझायनर ड्रग्ज आणि ‘आढळले नाही’ हा शेरा

गाळणी

फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजीची कुठलीही चर्चा पाच मिनिटांत यंत्रांवर येऊन थांबते. कोणाकडे क्यू-टॉफ (रेणूचं वस्तुमान अगदी बारकाईने मोजणारं यंत्र) आलं, कोण अजून जुन्या जीसी-एमएसवर (रेणू वायूरूपात वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) दिवस काढतंय, वगैरे. यंत्र महत्त्वाचं आहेच. पण यंत्रात जातो तो जेमतेम पाच मायक्रोलिटरचा थेंब. तो तयार होईपर्यंत नमुन्यातलं काय काय सिंकमध्ये गेलं, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. हा धागा त्यासाठी.

पार्श्वभूमी थोडक्यात: डिसेंबर २००८ मध्ये ‘स्पाइस’ नावाने विकल्या जाणाऱ्या वाळक्या पाल्याच्या मिश्रणात जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं. क्लेमसन विद्यापीठाच्या जॉन हफमन यांनी संशोधनासाठी बनवलेला हा रेणू परस्पर पाकिटात जाऊन बसला होता. तेव्हापासून एकावर बंदी आली की रचनेत किरकोळ फेरफार करून दुसरा हजर. संयुक्त राष्ट्रांकडे नोंद झालेले असे पदार्थ आता १२०० च्या वर आहेत.

एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे नमुन्यातून हे रेणू वेगळे काढायचं काम, करणाऱ्याला संख्येपेक्षा त्यांचे स्वभाव छळतात. मेफेड्रोन, अल्फा-पीव्हीपी ही कॅथिनोन मंडळी (उत्तेजक) बेस, म्हणजे अल्कलीधर्मी आहेत, पण अल्कलीत फार वेळ ठेवली तर मोडतात. सिंथेटिक कॅनाबिनॉइड (जेडब्ल्यूएच-०१८ च्या जातीचे, गांजासारखी नशा देणारे) बहुतेक न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना बेस, आणि इतके तेलकट की प्लास्टिकच्या नळीलाही चिकटून बसतात. एटिझोलाम, ब्रोमाझोलामसारखे डिझायनर बेंझो (झोपेच्या औषधांचे नातलग) नावापुरते बेस. नायटाझीन आणि फेंटानिलचे भाऊबंद (अफूसारखे, पण फार तीव्र) वागायला त्यातल्या त्यात सरळ, पण रक्तात बऱ्याचदा मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमही नसतात. ही सगळी मंडळी एकाच अर्ध्या मिलिलिटर रक्तातून बाहेर काढायची आहेत.

माझा प्रश्न असा: माणसाने काय घेतलं होतं याचा काहीच सुगावा नसेल, तर तुम्ही पहिला हात कोणत्या पद्धतीने मारता? आणि त्यात काय गमावायची तयारी ठेवता?

वाचनमात्र

वाचतोय. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

बेंझीन_वलय – यंत्राला काम करू द्या की!

माझं उत्तर सोपं आहे. एक भाग रक्त, तीन भाग थंडगार अ‍ॅसिटोनायट्राइल, व्होर्टेक्स, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी व्हायलमध्ये. प्रोटीन खाली बसतं, बाकी सगळं वर राहतं. आम्ल, बेस, न्यूट्रल असला पंक्तिप्रपंच नाही. वीस मिनिटांत बॅच तयार. पुढचं क्यू-टॉफ बघून घेईल, आणि सहा महिन्यांनी नवा पदार्थ जाहीर झाला तर साठवलेल्या डेटात मागे जाऊन शोधता येतो. एसपीईच्या (औषध घन पदार्थावर धरून ठेवायची पद्धत) कार्ट्रिजने जे धुऊन टाकलं ते मागे जाऊन कसं शोधणार?

एक सूचना मात्र जरूर पाळा. सॉल्व्हंट एकदम ओतू नका. व्होर्टेक्स चालू असताना थेंब-थेंब सोडा. एकदम ओतलं की रक्ताचा विटकरी गोळा होतो आणि औषध त्याच्या पोटात अडकून बसतं.

गाळणी

>> बाकी सगळं वर राहतं

तीच तर अडचण आहे, वलयराव. बाकी *सगळंच* वर राहतं, फॉस्फोलिपिडसकट (पेशींच्या आवरणातली चरबी). इलेक्ट्रोस्प्रेच्या (रेणूंना चार्ज देऊन यंत्रात सोडणारा फवारा) तोंडाशी एका वेळी ठरावीक रेणूंनाच चार्ज मिळतो. अरुंद दारात गर्दी झाली की किरकोळ अंगाचा माणूस आत शिरूच शकत नाही, तसं एका नॅनोग्रॅमखालच्या नायटाझीनचं होतं. सिग्नल दबतो, रेषा सपाट दिसते, आणि आपण ‘नाही’ लिहून मोकळे.

आता हिशेब बघा. अर्धा मिलिलिटर रक्त, त्यात ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर नायटाझीन. म्हणजे नळीत एकूण १०० पिकोग्रॅम. दीड मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल घातल्यावर ते दोन मिलिलिटरमध्ये पसरलं. पाच मायक्रोलिटर इंजेक्ट केले तर कॉलमवर (रेणू एकमेकांपासून वेगळे करणारी नळी) पोचतात पाव पिकोग्रॅम. तेच रक्त कार्ट्रिजमधून काढून, वाळवून, १०० मायक्रोलिटरमध्ये घेतलं आणि रिकव्हरी (मूळ औषधापैकी हाती लागलेला वाटा) ८० टक्के धरली, तरी कॉलमवर चार पिकोग्रॅम पोचतात. सोळापट. शिवाय सोबतची गर्दी कमी.

तुमचा वरचा द्रव वाळवून घट्ट करता येतो हे मान्य. पण मग फॉस्फोलिपिडही तितकेच घट्ट होतात.

जुना_केमिस्ट – फनेलला विसरलात काय रे?

पोरांनो, तुमच्या कार्ट्रिज यायच्या शंभरेक वर्षं आधीपासून हे काम चालू आहे. १८५० मध्ये बेल्जियममध्ये काउंट बोकार्मेने बायकोच्या भावाला निकोटिन पाजून मारलं. वनस्पतिजन्य अल्कलॉइड एकदा शरीरात विरलं की परत हाती लागत नाही, असं तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणत. झाँ सेर्व्हे स्टास या रसायनशास्त्रज्ञाने मृताचे अवयव आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये मुरवले, गाळले, मग अल्कली घालून ईथरने निकोटिन ओढून काढलं. काउंट १८५१ मध्ये गिलोटिनवर गेला. ओटोने पुढे त्यात सुधारणा केली आणि स्टास-ओटो पद्धत रूढ झाली. आज तुम्ही जे करता ते मुळात तेच आहे: पीएच फिरवायचा आणि रेणूला या घरातून त्या घरात जायला लावायचं.

माझं मत लिक्विड-लिक्विडला, म्हणजे रक्तातून दुसऱ्या द्रवात ओढून काढायला. बेससाठी पीएच ९ चा बफर आणि १-क्लोरोब्युटेन. सिंथेटिक कॅनाबिनॉइडसाठी हेक्सेनमध्ये थोडं इथाइल अ‍ॅसिटेट. इतका स्वच्छ एक्स्ट्रॅक्ट मिळतो की बघत राहावं. पीएच पीकेएच्या (ज्या पीएचला निम्मे रेणू चार्जवाले असतात तो अंक) दोन अंक वर नेला की ९९ टक्के रेणू चार्जविना उरतात, एवढं गणित पाठ असलं की झालं. अ‍ॅम्फेटामिनचा पीकेए दहाच्या आसपास. कॅथिनोनमध्ये शेजारी कीटोन असल्यामुळे तो खाली येतो, म्हणून त्यांच्यासाठी पीएच १२ पर्यंत ताणायची गरजच नाही. ताणलात तर हातात भलतंच येईल.

आणि नळी हिसडून हलवू नका. रोटेटरवर दहा-पंधरा मिनिटं आडवी फिरू द्या. हिसडलं की मधे साय धरते आणि अर्धा दिवस ती मोडण्यात जातो. साय धरलीच तर थोडं मीठ घालून सेंट्रिफ्यूज, नाहीतर खालचा पाण्याचा थर गोठवून वरचं सॉल्व्हंट ओतून घ्या.

आगंतुक

मी या क्षेत्रातला नाही, बिचकत विचारतो. लघवीत पट्टी बुडवली की कळतं ना? मग एवढा खटाटोप कशाला?

गाळणी

बिचकू नका, प्रश्न रास्त आहे. पट्टीवर अँटिबॉडी असते, आणि ती ठरावीक आकाराचा रेणू ओळखते. गांजाच्या पट्टीला गांजातला टीएचसीचा मेटाबोलाइट (शरीरात बदललेलं रूप) कळतो. ५एफ-एडीबी या सिंथेटिक कॅनाबिनॉइडची रचना पूर्ण वेगळी असल्यामुळे त्याला ती दाद देत नाही. ओपिएटची पट्टी मॉर्फिनसाठी बनलेली, तिला फेंटानिलही कळत नाही, मग नायटाझीन कुठून कळणार?

लघवीची आणखी एक गंमत आहे. सिंथेटिक कॅनाबिनॉइड मूळ रूपात लघवीत जवळपास उतरतच नाहीत. यकृत त्यांना हायड्रॉक्सिल लावतं किंवा त्यांचं आम्ल करतं, आणि वर ग्लुकुरोनिक आम्लाचं शेपूट जोडतं. म्हणून आधी बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइम घालून ते शेपूट तोडावं लागतं. गोगलगाईपासून काढलेल्या एन्झाइमला आम्लधर्मी बफर लागतो, ई. कोलायच्या एन्झाइमला उदासीनच्या जवळचा. बफर चुकला तर एन्झाइम ढिम्म बसून राहतं, आणि पुढचं एक्स्ट्रॅक्शन कितीही सुरेख केलं तरी पदरी काही पडत नाही.

कार्ट्रिजवाली – बेंझो कुठे गेले?

गाळणीताई, धागा वेळेवर काढलात. मिक्स्ड-मोड कार्ट्रिजबद्दल माझा अनुभव सांगते, कारण नवीन मुलं हमखास इथेच अडतात.

कार्ट्रिजमध्ये तेलकट साखळ्या आणि कॅटायन-एक्स्चेंज (धन चार्जवाल्या रेणूंना धरणारा भाग) दोन्ही असतात. रक्त पीएच ६ च्या फॉस्फेट बफरमध्ये पातळ करून वरून सोडायचं, सेकंदाला साधारण एक थेंब. मग पाणी, मग सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, मग मिथेनॉलचा वॉश. शेवटी डायक्लोरोमिथेन, आयसोप्रोपेनॉल, अमोनिया यांचं ७८:२०:२ मिश्रण. कॅथिनोन, फेंटानिल, नायटाझीन हे चांगले दणकट बेस एक्स्चेंजरला घट्ट धरून बसतात. मिथेनॉलने कचरा निघून जातो, अमोनियाने ही मंडळी सुटतात. मेफेड्रोनचं शिखर बघाल तर सुईसारखं.

आमच्याकडे एका मुलीने क्यूसीमध्ये (पद्धत तपासायला मुद्दाम बनवलेला नमुना) एटिझोलाम घातलं होतं. मेफेड्रोन उत्तम आलं, फेंटानिल उत्तम आलं, एटिझोलाम जवळपास शून्य. तिने सॉल्व्हंट बदललं, कॉलम बदलला, यंत्राचा सोर्स साफ केला. मी म्हटलं, वॉशचं मिथेनॉल फेकू नकोस, तेच वाळव आणि इंजेक्ट कर. एटिझोलाम तिथे आरामात बसलं होतं. पीएच ६ ला त्याच्यावर चार्जच नसतो. ते फक्त तेलकट साखळीला टेकलेलं असतं आणि मिथेनॉल आलं की निमूट चालू पडतं. सिंथेटिक कॅनाबिनॉइडचंही तेच.

तेव्हापासून आमच्याकडे दोन भाग गोळा होतात. मिथेनॉलच्या आधी नळी बदलून आम्ल-न्यूट्रल भाग वेगळा काढायचा, त्यानंतर बेसचा. वेळ जास्त लागतो हे कबूल.

बेंझीन_वलय

म्हणजे जिचा एवढा उदो-उदो चाललाय त्या कार्ट्रिजने अख्खे दोन वर्ग सिंकमध्ये टाकले असते. मी तरी वेगळं काय म्हणत होतो? :)

कार्ट्रिजवाली

वॉश फेकला असता तर टाकले असतेच. आपली पद्धत काय टाकते हे मला नेमकं माहीत आहे. तुमच्या पद्धतीत काय दबलंय ते तुम्हाला सांगता येतं का?

बेंझीन_वलय

येतं की. माटुस्झेव्स्कीने २००३ मध्ये सांगितलेली पद्धत आहे. तीन संच करा. शुद्ध सॉल्व्हंटमधलं स्टँडर्ड (माहीत प्रमाणातलं शुद्ध औषध), कोरं रक्त एक्स्ट्रॅक्ट करून झाल्यावर त्यात घातलेलं स्टँडर्ड, आणि आधीच रक्तात घालून मग एक्स्ट्रॅक्ट केलेलं. दुसऱ्याला पहिल्याने भागा, मॅट्रिक्स इफेक्ट, म्हणजे रक्तातल्या गर्दीने सिग्नलवर केलेला परिणाम, मिळतो. तिसऱ्याला दुसऱ्याने भागा, खरी रिकव्हरी मिळते. बरेच लोक तिसऱ्याला थेट पहिल्याने भागतात आणि आलेल्या आकड्याला रिकव्हरी म्हणतात. मग सप्रेशनचं (सिग्नल दबण्याचं) पाप एक्स्ट्रॅक्शनच्या माथी.

कार्ट्रिजवाली

याला मात्र +१. फक्त कोरं रक्त एकाच व्यक्तीचं वापरू नका. एएसबी ०३६ हे टॉक्सिकॉलॉजीच्या पद्धती तपासण्याचं अमेरिकी मानक दहा वेगवेगळे स्रोत मागतं, आणि सप्रेशन किंवा एनहान्समेंट (सिग्नल फुगणं) २५ टक्क्यांच्या वर गेलं तर त्याचा मोजणीवर काय परिणाम होतो ते दाखवून द्यावं लागतं.

पिपेट_हाती

नवा आहे. मेफेड्रोनची रिकव्हरी एका दिवशी छान, दुसऱ्या दिवशी निम्म्यावर. पीएच तपासला, कार्ट्रिजचा लॉट तोच आहे. काय बघू?

कार्ट्रिजवाली

वाळवताना किती गरम करताय? नायट्रोजनखाली नळी कोरडी ठाक झाल्यावरही तशीच ठेवून चहाला जाता का?

पिपेट_हाती

४५ अंश. आणि... हो, कधीकधी.

कार्ट्रिजवाली

मग मिळालं उत्तर. अमोनियातून बाहेर आलेलं मेफेड्रोन फ्री बेस (चार्जविना) असतं, आणि फ्री बेस उडतं. वाळवायला लावण्याआधी मिथेनॉलमध्ये एक टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल करून त्याचे थोडे थेंब टाका. हायड्रोक्लोराइड क्षार झाला की तो तळाशी बसतो, उडत नाही. तापमान ४० च्या वर नको, आणि तळ कोरडा दिसला की नळी लगेच उचला.

जुना_केमिस्ट

बरोबर. आणि जीसीवर टाकणार असशील तर आणखी एक. गरम इंजेक्टरमध्ये कॅथिनोन मोडतात, मूळ शिखराशेजारी दोन हायड्रोजन कमी असलेलं एक भूत उभं राहतं. नवा पदार्थ सापडला म्हणून नाचू नकोस.

टाइमपास_गडी

हे सगळं सोडा, किती दिवसांनी लघवीतून जातं ते सांगा ना. मित्रासाठी विचारतोय.

गाळणी

इथे नमुन्यातून पदार्थ शोधण्याबद्दल बोलणं चाललंय, लपवण्याबद्दल नाही. मित्र अडचणीत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. नायटाझीन किंवा फेंटानिलने श्वास मंदावला असेल तर आधी इमर्जन्सीला फोन, धाग्यावर नंतर या.

शवागार_डॉक्टर – नमुना घेणाऱ्याची बाजू

उशिरा येतोय. तुम्ही कार्ट्रिजवर भांडताय, पण अर्धं नुकसान नळी तुमच्याकडे पोचेपर्यंतच होऊन गेलेलं असतं.

एक: रक्त मांडीच्या शिरेतलं घ्यावं, वरून शीर बांधून. मेल्यानंतर फुफ्फुस, यकृत, हृदयाच्या स्नायूतलं औषध परत रक्तात झिरपतं. हृदयातल्या रक्तातला आकडा कैकदा फुगलेला येतो.

दोन: नळी फ्लोराइड-ऑक्झलेटची, करड्या बुचाची. ज्या कॅनाबिनॉइडमध्ये एस्टर आहे ते रक्तातल्या एस्टरेज एन्झाइममुळे तुटत राहतात. फ्लोराइड त्याला लगाम घालतं.

तीन: थंडी. कॅथिनोन खोलीच्या तापमानाला घटत जातात. त्यातही मेफेड्रोनसारखे सेकंडरी अमाइन लवकर, अल्फा-पीव्हीपीसारखे पायरोलिडीनवाले त्या मानाने टिकतात. उणे २० हे किमान.

चार: कुजलेला मृतदेह. त्यात फिनेथिलअमाइन, ट्रिप्टामिन आपोआप तयार होतात. हेही बेसच, तुमच्या कार्ट्रिजला ते आणि अ‍ॅम्फेटामिन सारखेच. अशा वेळी यकृत, पित्त आणि डोळ्यातला व्हिट्रियस द्रवही पाठवतो.

कार्ट्रिजवाली

डॉक्टरसाहेब, यकृतासाठी मी क्वेचर्सवर आले आहे. २००३ मध्ये भाजी-फळांतली कीटकनाशकं काढण्यासाठी निघालेली पद्धत. यकृताचा लगदा, अ‍ॅसिटोनायट्राइल, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ. पाणी मिठाबरोबर खाली राहतं, औषध वर येतं, मग चरबी शोषणारी पूड टाकून साफ करायचं. कार्ट्रिज तुंबायची कटकट वाचते. मोजणी मात्र स्टँडर्ड अ‍ॅडिशनने (त्याच नमुन्यात माहीत प्रमाणात औषध वाढवत जाऊन) करते, कारण कुजलेल्या यकृताला जुळेल असं कोरं यकृत आणणार कुठून?

एक कुरकुर आहे. नव्या पदार्थाचं ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजन लावलेलं) स्टँडर्ड बाजारात यायला वेळ लागतो, तोवर भावंडाचं उसनं घ्यावं लागतं. पॅरा-फ्लोरोफेंटानिलला फेंटानिल-डी५ लावलं तर एक्स्ट्रॅक्शनमधली घट बऱ्यापैकी भरून निघते. पण दोघं कॉलमवरून एकाच क्षणी उतरत नाहीत, त्यामुळे दोघांना लागलेलं सप्रेशन सारखं नसतं. अशा वेळी आकड्यापुढे तीन दशांश स्थळं लिहू नयेत.

वकीलपत्र – कोर्टात काय सांगायचं?

धागा पूर्ण वाचला, रसायन निम्मं डोक्यावरून गेलं. पण मला एक सांगा. अहवालात ‘कोणताही मादक पदार्थ आढळला नाही’ असं एक वाक्य असतं. समोरचा पक्ष त्यावरून म्हणतो की माणूस शुद्धीवर होता. वरच्या चर्चेवरून तर एटिझोलाम मिथेनॉलबरोबर वाहून गेलं असलं तरी हेच वाक्य आलं असतं. मग या वाक्याला किंमत काय?

गाळणी

वकीलसाहेब, या प्रश्नासाठीच धागा काढला होता म्हणा. त्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. शोधला आणि आमच्या मर्यादेखाली होता. शोधलाच नाही, कारण यादीत नव्हता. यादीत होता, पण आमच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये तो टिकतो हे कधी तपासलेलं नाही. पहिली गोष्ट पुरावा आहे. उरलेल्या दोन नाहीत.

उलटतपासणीत हे विचारा: कोणता नमुना, किती मिलिलिटर, कोणती पद्धत, अमुक पदार्थ तिच्या यादीत होता का, त्याची शोधमर्यादा किती, आणि त्या बॅचच्या क्यूसीमध्ये तो पदार्थ होता का. शेवटच्या प्रश्नावर बरेचजण फाइल चाळायला लागतात.

मॉस्कोच्या थिएटरचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये ओलीस सोडवताना कोणता वायू वापरला याचे तर्क वर्षानुवर्षं चालले. ब्रिटिश प्रयोगशाळेने वाचलेल्यांचे कपडे आणि लघवी तपासून कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल असल्याचं प्रसिद्ध केलं ते २०१२ मध्ये. लघवीत कारफेंटानिलचा मेटाबोलाइट शोधल्यामुळे ते जमलं.

बेंझीन_वलय

तत्त्वतः मान्य, पण अहवालाला तीनशे नावांची यादी जोडली तर न्यायाधीश ती वाचणार का? उलट एखादं नाव नसलं की बचावपक्ष त्यावरच लोंबकळणार.

वकीलपत्र

लोंबकळू दे, ते आमचं काम आहे. यादी परिशिष्टात द्या. नसलेल्या नावापेक्षा नसलेली यादी जास्त घातक असते. आणि ३-एमएमसी की त्याचं भावंड ४-एमएमसी (मेफेड्रोन) यावर कायद्याचं कलम बदलत असेल तर तेही एक्स्ट्रॅक्शनमध्ये कळतं का?

गाळणी

नाही. दोघांचं वस्तुमान एकच, रासायनिक स्वभाव एकच, एक्स्ट्रॅक्शनमधून जुळ्यांसारखे हातात हात घालून येतात. ते वेगळे होतात कॉलमवर, तेही क्रोमॅटोग्राफी त्यासाठी मुद्दाम जुळवली असेल तरच. नसेल तर अहवालात ‘मिथाइलमेथकॅथिनोन, आयसोमर निश्चित नाही’ असं लिहावं.

शवागार_डॉक्टर

मग मी नेमकं किती पाठवू ते एकदाचं सांगा. तुमच्या भांडणात माझी नळी संपायला नको.

गाळणी

मांडीच्या रक्ताच्या दोन करड्या नळ्या, जमेल तेवढ्या भरलेल्या. एक आम्ही उघडू, दुसरी सीलबंद उणे ८० ला राहील. लघवी मिळाली तर काचेच्या बाटलीत, प्लास्टिकला कॅनाबिनॉइड चिकटतात. व्हिट्रियस दोन्ही डोळ्यांचा, पित्त, आणि यकृताचा उजव्या बाजूचा तुकडा.

पहिल्या नळीतलं १०० मायक्रोलिटर वलयरावांच्या पद्धतीने जाईल, क्यू-टॉफवर, जाळं मोठं टाकायला. त्यात काही दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही पण तुमच्या नोंदीत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या (अफूसारख्या नशेची खूण) असतील, तर अर्धा मिलिलिटर कार्ट्रिजवर, दोन भागांत. कॅनाबिनॉइडचा संशय असेल तर आणखी अर्धा मिलिलिटर जुन्या केमिस्टांच्या हेक्सेनला. एवढं करूनही नळीत रक्त उरतं. घटनास्थळी सापडलेली पुडी, वेपची कुपी, रिकामं पाकीट काही असलं तर त्याचा फोटो आणि वर्णन नमुन्याच्या फॉर्मवर लिहा. तो रकाना बहुतेक वेळा कोराच येतो.

शवागार_डॉक्टर

लिहितो. फॉर्मवर तेवढी जागा वाढवा, दोन बोटांत काय काय मावणार?